गाठीचे पंधरा दिवस

होळीपासून पाडव्यापर्यंतचे पंधरा दिवस मला आवडत नाहीत. लोकांना आवडतात, आवडोत बापडे. हिंगोलीच्या बाजारात त्या दिवसांत जिथं मान वर करावी तिथं गाठ्या लटकलेल्या दिसतात. साखरेचा पाक साच्यात ओतून, दोऱ्यात ओवून केलेले पदकांचे हार, पांढरे, गुलाबी, पिवळे. आमच्याकडे ते लेकरांच्या गळ्यात घालतात. मामानं घालायचा, आत्यानं घालायचा, शेजारीणही एखादा घालून जाते, आणि लेकरू तो गळ्यातच चाटत गल्लीभर हिंडतं. उन्हानं साखर पाझरते, कपड्याला चिकटते, दुपारी झोपलेल्या पोराच्या मानेवर मुंग्या चढतात. मी लहान असताना माझ्याही गळ्यात चार-चार हार असायचे आणि मी त्यातलं सगळ्यात मोठं पदक शेवटी खायला ठेवायची. तेव्हा कुणाच्या आईला त्यात काही वावगं वाटत नसे.

माझ्या पोरीला सात वर्षांची असताना शुगर निघाली. हे सांगितलं की समोरचा माणूस हटकून म्हणतो, एवढ्याशा लेकराला कुठं शुगर असते, ती म्हाताऱ्या माणसांना होते. असते. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते बाहेरून टोचावं लागतं, दिवसातून चार वेळा. प्रत्येक जेवणाआधी बोटाला सुई लावायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, यंत्रावर आकडा बघायचा आणि त्या आकड्यावरून इंजेक्शनचं माप ठरवायचं. साखर फार चढली तर लेकरू आजारी पडतं. इन्सुलिन जास्त गेलं तर साखर उतरते, आणि ते जास्त वाईट, कारण ते तासाभरात होतं. मी शिवणकाम करते. ब्लाउजला अर्धा इंच इकडंतिकडं झाला तर गिऱ्हाईक ऐकून घेत नाही, त्यामुळं मापाची मला भीती नव्हती. मला भीती होती ती पोरीची.

कारण गेल्या वर्षी तिनं मला फसवलं होतं. धुळवडीला माझ्या भावानं दोन्ही लेकरांना हार आणले, मी ते कपाटावरच्या डब्यात टाकले, आणि दोन दिवसांनी पोरगी न्हाणीघरात दार लावून अर्धा हार खाऊन बसली. विचारलं तर माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी न्हाई खाल्ला." यंत्रावर चारशेच्या वर आकडा आला, पुढं उलट्या सुरू झाल्या आणि दोन दिवस दवाखान्यात काढले. सलाइन लावलेल्या हातानं ती माझा पदर धरून झोपायची. तिथं डॉक्टरांनी मला शांतपणे सांगितलं होतं, "अगदी बंद करू नका. सणासुदीला थोडं द्या, मोजून द्या, त्या हिशोबानं इन्सुलिन द्या. बंदी घातली की लेकरं चोरून खातात." मी मान हलवली आणि घरी येऊन बंदी घातली. माझा स्वभावच तसा आहे. एकदा पोळलं की मी चूलच विझवून टाकते.

म्हणून या वर्षी होळीच्या आठ दिवस आधीच मी भावाला फोन केला, की माझ्या घरात गाठी आणायची नाही.

तो म्हणाला, "अगं, मामानं गाठी न्हाई घालायची तर काय घालायचं? लोकं काय म्हनतील?"

"लोकांना सुया टोचायला बोलव," म्हणून मी फोन ठेवला.

तरी तो आलाच. पोरासाठी हार घेऊन आला आणि पोरीसाठी बांगड्यांचा डबा. माझा पोरगा पाच वर्षांचा आहे, त्याला कसली शुगर नाही न काही नाही. त्यानं हार गळ्यात घातला आणि चाटायला लागला. पोरीनं बांगड्या घातल्या, मामाच्या पाया पडली आणि दारात बसून लहान भावाकडं बघत राहिली. तो एकेक पदक चाटून पातळ करत होता आणि ती नुसती बघत होती. मला वाटलं, ही आता ठरवून राहिली असेल, कधी आणि कुठं. त्या दिवसापासून मी तिच्यावर पाळत ठेवली. तिचं दप्तर बघायची, उशीखाली हात घालायची, ती न्हाणीघरात गेली की बाहेर उभी राहायची. ती बाहेर आली की माझ्याकडं न बघता निघून जायची. पंधरा दिवस तिचे आकडे चांगले आले आणि पंधरा दिवस मला ते खरे वाटले नाहीत.

पाडव्याला आम्ही शिरड शहापूरला सासरी गेलो. तिथं सासूबाई एकट्या असतात, शेत आहे, आणि पाडव्याची गुढी गावच्या घरावरच उभी करायची हे ठरलेलं. शेतात हळद शिजवायचं काम चालू होतं, त्यामुळं सकाळी गुढी उभारून, कडुलिंबाचा पाला तोंडात टाकून माझा नवरा लगेच शेताकडं गेला. गुढीला साडी, तांब्या, लिंबाचा डहाळा आणि हातभर लांब गाठी. पोरीनंच ती गाठी आजीच्या हातात दिली होती. मी ते बघितलं आणि सासूबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "आई, गुढी उतरवली की गाठी मला द्या. पोरीच्या हाती देऊ नका."

त्या "बरं" म्हणाल्या. सासूबाईंचं "बरं" म्हणजे ऐकलं एवढंच, मान्य केलं असं नव्हे, हे मला बारा वर्षांत कळायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट इथं सांगायला हवी. पोरीला शुगर आहे हे गावात आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं, पोरीची जात आहे, उद्या लग्नाला अडचण येईल. मी तेव्हा त्यांच्याशी भांडले होते, पण गावात आले की मीही लपवायचीच. मला त्या नजरा नको असायच्या. कुणी खायला दिलं तर काय म्हणायचं हे पोरीला शिकवून ठेवलं होतं, की माझी दाढ दुखते. इंजेक्शन आतल्या खोलीत, दार लावून. सुई मी पदरात धरून न्यायची.

दुपारी जेवणाआधी आतल्या खोलीत आकडा बघितला, बरा होता. तिला अर्धी पुरणपोळी दिली, त्याचं इन्सुलिन दिलं. मग समोरच्या घरची बाई ब्लाउज घेऊन आली, की बाही घट्ट झाली, जरा सैल करून दे. सण असो की सुतक, टेलरीण दिसली की बायकांना ब्लाउज आठवतो. मशीन तिच्याच घरी होती म्हणून मी तिकडं गेले. एकाचे तीन ब्लाउज झाले. परत यायला साडेपाच वाजले.

अंगणात आले तर गुढी उतरवून झाली होती. गल्लीतली लेकरं पांगत होती, सगळ्यांच्या गालफडात साखर. माझा पोरगा दोन्ही गाल फुगवून बसला होता. आणि पोरगी ओट्यावर बसली होती, हातात नुसता दोरा. हातभर गाठीतलं एक पदक उरलं नव्हतं.

सासूबाई मागं गाईला पाणी दाखवायला गेल्या होत्या. मी पोरीच्या दंडाला धरलं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"किती खाल्लीस?"

"मी न्हाई खाल्ली."

तेच शब्द, तसंच डोळ्यांत बघून. मी यंत्र काढलं, पट्टी लावली, तिचं बोट ओढलं.

ती म्हणाली, "मम्मी, थांब, हात—"

"गप बस."

ती हात मागं ओढत होती. मला वाटलं, आता उघडं पडणार म्हणून ओढते. मी बोट घट्ट धरलं आणि सुई लावली. पाच सेकंदांनी आकडा आला, तीनशे शहाण्णव.

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. एक नाही, दोन. आजारी लेकराला मारू नये एवढं मला कळतं, पण त्या वेळी माझ्यासमोर दवाखाना होता, सलाइन होतं, आणि ही पोरगी तिथं पुन्हा जायला निघाली होती. "मरायचंय का तुला?" मी म्हणाले. ती रडली नाही. "मी खरंच न्हाई खाल्ली," एवढं म्हणाली आणि फ्रॉक वर करून पोट पुढं केलं, सुईसाठी. मी चार युनिट टोचले.

"साखर उतरल्याशिवाय जेवण मिळणार नाही. पडून राहा इथंच."

ती भिंतीकडं तोंड करून पडली. मी बाहेर येऊन दुपारची भांडी घासायला घेतली. बरीचशी घासलेलीच होती, ती परत घासली.

सहा वाजले, सव्वासहा झाले. मी मधून डोकावत होते. ती तशीच पडलेली. एकदा म्हणाली, "मम्मी, भूक लागली." मी म्हणाले, "लागू दे." पुन्हा काही बोलली नाही. मला वाटलं, रुसली. रुसू दे, चार दिवस रुसेल, जिवंत तर राहील. पोरगा तिच्याजवळ गेला, तिला हलवून परत आला आणि म्हणाला, "ताई बोलून नाही राहिली." मी त्याला म्हणाले, "तिला राग आलाय."

सासूबाई दिवा लावून आत गेल्या आणि त्यांची हाक आली. मोठी नव्हती, पण त्या हाकेत काहीतरी होतं.

"अगं, इकडं ये. पोरीचं अंग गार लागून राहिलं. घाम बघ किती."

मी गेले तर पोरगी घामानं भिजली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरे. हाक मारली तर तिनं डोळे उघडले, पण माझ्याकडं बघत होती की माझ्यामागच्या भिंतीकडं, कळेना. बोटं थरथरत होती. मी ओल्या पदरानं तिचा घामेजला हात पुसला आणि सुई लावली. थेंब येईना, बोट दाबलं. शेचाळीस.

तासाभरात तीनशे शहाण्णववरून शेचाळीस. असं होत नसतं हे मला कळत होतं, पण विचार करायला वेळ नव्हता. नवऱ्याला फोन लावला, शेतात रेंज नव्हती. हिंगोलीचा दवाखाना गाडीनं तासाभरावर, आणि दारात गाडी नव्हती. मी ओरडून म्हणाले, "साखर आणा, काहीही गोड आणा."

सासूबाईंनी देवापुढची छोटी गाठी उचलून आणली. मी ती पाट्यावर ठेचली, वाटीत पाण्यात कालवली आणि चमचा पोरीच्या तोंडाशी नेला. तिनं दात आवळले.

"घे बाई. घे."

"न्हाई." जीभ जड झाली होती तिची. "मी न्हाई खाल्ली."

"माहीत आहे मला. आता खा."

"न्हाई खात मी. दाढ दुखते."

साखर उतरली की डोकं चालत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण हे काय चाललंय ते मला कळत होतं. पंधरा दिवस मी तिच्या मनात जे ठोकून बसवलं होतं तेवढंच आता तिच्यात जागं होतं. माझ्या हातातल्या साखरेला ती घाबरत होती, की हा पुन्हा काहीतरी सापळा आहे आणि खाल्लं की मार पडेल. मी तिच्यापुढं हात जोडले. मी कुणापुढं हात जोडणारी बाई नाही. "खा ग माझे आई, मी काही म्हणणार नाही, मी मारणार नाही, खा." ती मान फिरवत होती आणि साखरेचं पाणी गालावरून गळ्यात उतरत होतं.

मग सासूबाईंनी मला बाजूला सारलं. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "बाई, मी आजी. मी बघितलं तू खाल्ली न्हाईस. मी सांगते न तुझ्या मम्मीला. आता मी देऊन राहिले, माझ्या हातनं घे." आणि तिनं तोंड उघडलं. चमचा चमचा करत वाटी संपली. दुसरी केली. डॉक्टरांचा फोन लागला, ते म्हणाले, देत राहा, दर पंधरा मिनिटांनी आकडा बघा, अजून उतरेल, घाबरू नका, सोबत जेवायलाही द्या. पंधरा मिनिटांनी त्रेपन्न. मग अडुसष्ट. मग तिनं मला ओळखलं आणि ती रडायला लागली. तिला रडता येतंय हे बघून मी भिंतीला टेकले.

सासूबाई तिला पुरणपोळी भरवत म्हणाल्या, "गाठी मीच दिली तिच्याकडं वाटायला. गल्लीतली लेकरं तुटून पडतात, मोठी पोरं लहान्याची हिसकावून घेतात. मी म्हनलं, हिच्याकडंच द्यावी. ही एकटीच अशी हाय, जी खायाची न्हाई. ओट्यावर बसून एकेक पदक फोडून दिलं तिनं सगळ्यांना, बराबर सारखं. एक कण तोंडात घातला न्हाई. मी समोर बसून व्हते."

मी रिकामी वाटी खाली ठेवली.

त्या पुढं म्हणाल्या, "शेजारची एक बाई इचारू लागली, तू काहून खात न्हाईस, तर म्हनली, दाढ दुखून राहिली. बोटं तेवढी चिकट झाली व्हती तिची. मी म्हनलं, धू जाय. तवर तू आलीस."

मी माझ्या हातांकडं बघितलं. गाठी ठेचून, कालवून माझी बोटं चिकटली होती. मी यंत्रात नवी पट्टी घातली आणि माझ्याच बोटाला सुई लावली. तीनशे बावीस. मला शुगर नाही. मोरीवर गेले, साबणानं हात धुतले, कोरडे केले, त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला सुई लावली. एकशे दोन.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलेली पहिली गोष्ट हीच होती, की हात धुऊनच तपासायचं, बोटाला साखर असेल तर यंत्र तीच मोजतं. घरी आम्ही रोज धुतो. गावच्या घराची मोरी अंगणात, त्या दिवशी अंगणात लोक होते, मला लपवायचं होतं, आणि मला आधीच माहीत होतं की पोरगी खोटं बोलते. ती "थांब, हात" म्हणाली होती. नऊ वर्षांच्या पोरीच्या ध्यानात होतं आणि मी तिला गप बस म्हणाले. बोटावरच्या साखरेसाठी मी चार युनिट तिच्या पोटात टोचले होते, आणि वर तिला उपाशी ठेवलं होतं.

नवरा आला तेव्हा ती उठून बसली होती. मी त्याला सगळं सांगितलं, धपाट्यांसकट. तो हळदीनं पिवळे झालेले हात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आता तिला सांग, मला काय सांगतेस."

मी तिच्यासमोर बसले. म्हणाले, "तू खरं बोलत होतीस. माझं चुकलं. तुला काही झालं असतं तर ते माझ्या हातानं झालं असतं." तिनं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "मी गेल्या वर्षी खोटं बोलले होते म्हणून का?" मी म्हणाले, "हो. पण ते संपलं." ती "बरं" म्हणाली, अगदी आजीसारखं.

आता गावात सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगितलं. घरात डब्यात थोडी गाठी आहे, रविवारी एक पदक मोजून देते आणि त्याचं इन्सुलिन देते. ती अर्धंच खाते, अर्धं भावाला देते. मी उशीखाली हात घालत नाही, दप्तर बघत नाही.

पण जेवणाआधी ती मोरीवर जाते, साबण लावून हात धुते, पंच्याला पुसते आणि माझ्यासमोर येऊन दोन्ही पंजे उघडून धरते. आधी तळवे, मग उलटे करून. मी न बघता यंत्र उचललं तर बोट देत नाही. परवा मी तिला म्हणाले, "बाई, हे दाखवत जाऊ नको ग. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

ती म्हणाली, "असू दे. तू बघ."

मग मी बघते.